वेळाधिकारी

घंटा माझ्याकडे दिली,
कारण मला बोलता येत नाही असं हिरुगडे सरांना वाटतं.
बोलता येतं. चार माणसांसमोर येत नाही, एवढंच.
तर टेबलावर पितळी घंटा
आणि एक वही, रकाने आखलेली:
नाव. दिलेली वेळ. घेतलेली वेळ.
बाहेर जानेवारी, उसाच्या ट्रॅक्टरांचे कर्णे,
लॉ कॉलेजच्या हॉलमध्ये पंखे बंद, तरी कागद हलतायत.

विषय फळ्यावर: शासनाचे हात किती लांब असावेत?
खाली खोतनं लिहिलेलं ‘शर्टाच्या बाहीएवढे’
पुसलंय, पण वाचता येतं.

पहिला अभिनंदन मगदूम. काळा कोट थोरल्या भावाचा,
खांद्यात ढगळ.
म्हणतो, घटना म्हणजे सत्तेच्या नाकातली वेसण.
बैल कितीही गुणी असो,
वेसण काढून कुणी त्याला बाजारातून नेत नाही.
सरकार चांगलं आहे म्हणून जास्तीचा अधिकार देऊन टाकला,
तर चांगलं सरकार जातं
आणि अधिकार खुर्चीतच बसून राहतो.
मागच्या बाकावरून शिट्टी.
चार मिनिटं. घंटा.
तो वाक्य अर्धं टाकून बसतो.

मुमताज नदाफ उठते. हातात कागद नाही.
“आंबेवाडीत आम्ही दोन दिवस पत्र्यावर होतो.
बोट आली तेव्हा मी विचारलं नाही,
कुठल्या कलमाखाली आलात.
वेसण घालायला आधी दावणीला बैल लागतो, मगदूम.”
हॉल हसतो. मगदूमसुद्धा.
मग ती आवाज खाली आणते.
“त्याच बोटीतल्या माणसानं दिवाळीनंतर
आमच्या भिंतीवर निळी रेघ मारली.
म्हणाला, रेघेखाली राहायचं नाही.
कुठं राहायचं, ते त्याच्या कागदात नव्हतं.
आता मी कुठल्या बाजूनं बोलतेय, ते मलाच सांगा.
वीस सेकंद उरलीत माझी.”
उरली नव्हती. सात जास्तच झाली होती.
घंटा मी उशिरा वाजवली,
आणि वहीत सात लिहिले.

माझे आबा पाटबंधाऱ्यात.
राजाराम बंधाऱ्यावरची पट्टी वाचायचे,
पावसाळ्यात तासातासाला, रात्री बॅटरी घेऊन.
एकोणचाळीस फूट म्हणजे इशारा.
त्रेचाळीस म्हणजे धोका,
म्हणजे ट्रक, शाळा, पिठलं-भाताची पातेली,
म्हणजे वरच्या कुणाची तरी झोपमोड.
एका रात्री फोन आला:
“बेचाळीस अकरा लिव की. एका इंचानं काय हुतंय?”
आबा म्हणाले, “सायेब, मी पाणी सोडत न्हाई, अडवत न्हाई.
किती हाय, तेवढंच लिवतो.”
आणि लिहिलं त्रेचाळीस.
पुढं त्यांची बदली गारगोटीला झाली.
त्याचा या फोनशी संबंध नाही, असं ते अजून म्हणतात,
आई भाकरी थापता थापता हात थांबवते.

मग प्रमुख पाहुणे. माजी कुणीतरी,
फेटा नवा, गुलाबी.
दिलेली वेळ दहा. विषय: मर्यादा.
अकराव्या मिनिटाला मी वाजवली.
हिरुगडे सरांनी डोळ्यांनीच ‘नको’ म्हटलं.
पंधराव्याला परत वाजवली.
“वा, काय गोड आवाज आहे!” पाहुणे म्हणाले,
आणि लहानपणीच्या शाळेच्या घंटेवर गेले,
तिथून मास्तरांवर, मास्तरांवरून स्वतःवर.
मुमताज खिडकीबाहेर बघत होती.
मगदूम भावाच्या कोटाचं बटण फिरवत होता,
ते तुटून हातात आलं.

टाळ्या झाल्या. नारळ, शाल, फोटो.
मी लिहिलं: दिलेली दहा, घेतलेली तेवीस.
वहीवर सरांची सही लागते.
हॉल रिकामा झाल्यावर त्यांनी पेन उघडलं,
बोट रकान्यावरून खाली आणलं,
आणि तेवीसवर थांबले.
“बारा करता येईल का गं?
वरती जाते ही वही.”

मला चार माणसांसमोर बोलता येत नाही.
इथं एकच होता.