एकोणशंभर

वडगावात आमच्या गल्लीत सकाळी सहाला माग सुरू होतात.
मी कांड्या भरत बसते,
आणि वैजू शेजारी येऊन विचारते:
आई, मराठीतलं एकोणतीस पुढं तिसाकडं बघतंय,
कन्नडातलं इप्पत्तोंबत्तु मागं विसाकडं.
आकडा एकच, मग तोंडं दोन दिशांना कशी?

मी म्हणाले, धागा तुटलाय, सरक.

आठ वर्षांची. अक्षर कोंबडीच्या पायासारखं.
आठवड्यातनं दोनदा शाळेत बाकावर उभी राहते,
कारण गणित मनातच सोडवते, वहीत पायऱ्या लिहीत नाही.
आणि घरी पाव्हणं आलं की तिचा बाप हाक मारतो:
वैजू, सांग बघू सत्तेचाळीस गुणिले छत्तीस.
सोळाशे ब्याण्णव.
पाव्हणे मोबाइलवर ताडून बघतात, टाळ्या वाजवतात,
चहा पितात.
ती दाराआड नखं खात उभी.
मला दिसत होतं ते. खरं काय दिसतंय, कळत नव्हतं.

मग कुलगोड बाईंचा निरोप आला:
रविवारी दहा वाजता, शहापूरच्या शाळेत.
मुलांना आणू नका, तुम्ही या.
नऊ आया आणि दोन बाप,
मुलांच्या बाकांवर गुडघे वर काढून बसलो.
मी सातवीत सोडलेला फळा समोर.
वाटलं, तारीफ होईल, नाहीतर तक्रार.
बाई कन्नड हेलात मराठी बोलतात. म्हणाल्या,
हुशार मूल म्हणजे दारातली नवी गाडी नव्हे,
येणाऱ्या-जाणाऱ्याला हॉर्न वाजवून दाखवायला.
मागच्या बाकावरचा एक बाप मान घालून चपलेकडं बघू लागला.
आमच्याच घरचा होता तो.

गृहपाठ दिला:
आठ दिवस उत्तरं देऊ नका. प्रश्न लिहून आणा. नुसते.

दुधाच्या हिशोबाची वही मी उलट्या बाजूनं उघडली.
माग थांबल्यावर कानात जे वाजतं ते कुठं असतं?
रीळ रिकामं होत आलं की जोरात का फिरतं?
पाटीवर गावाचं नाव दोनदा लिहिलं तर गावं दोन होतात का?
तू लहान असताना काय विचारायचीस?

हा शेवटचा मी दोन दिवस लिहिलाच नाही.
कडोलीच्या शाळेत मी एकदा विचारलं होतं,
मार्कंडेयला पूर आला की नदीचा काठ कुठं जातो?
गुरुजी हसले. मग वर्ग हसला.
त्यानंतर मी काही विचारल्याचं आठवत नाही.

आता दर शनिवारी दुपारी तिला बाईंकडं नेते.
तिथं जुनं घड्याळ उघडतात, भिंग धरतात,
कागदाला घड्या घालून कोन मोजतात,
आणि चुकलं तर बाई म्हणतात, बरं झालं, आता बघू का चुकलं.
बसचं भाडं जातं, अर्ध्या दिवसाच्या कांड्या जातात.
नणंद म्हणते, पोरीला डोक्यावर बसवलीस.
मी म्हणते, बसमध्ये बसवते गं, ते पण खिडकीपाशी.

परवा रात्री झोपता झोपता तिनं काढलं:
मग नव्याण्णवला एकोणशंभर का म्हणत नाहीत?
बाप माग बंद करून आला होता, हात तेलकट.
मला वाटलं, आता ओरडणार, झोप म्हणून.
तो जमिनीवरच बसला.
मला ठाऊक नाही, म्हणाला.
लग्नाला अकरा वर्षं झाली, हे वाक्य मी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं.
मग बोटं मोडत तोच पुटपुटला:
नव्याण्णव... तोंबत्तोंबत्तु...
अगं, इथं दोघं पण मागंच बघायलेत की! नव्वदाकडं!
वैजू टुणकन उठून बसली.
आणि तो, तिच्याहून मोठ्यानं:
मग एकोणनव्वदपर्यंत ह्यांचं काय बिनसलं होतं?

पेन्सिल लवकर सापडेना.
बुधवार, दूध अर्धा लिटर.
मागच्या बाजूला, प्रश्न एक.
विचारणाऱ्याचं नाव कधी लिहीत नाही मी,
काल लिहिलं.