पागाचं शिसं

ब्रह्मपुरीची टेकडी म्हणजे आता घरंच घरं,
पाण्याच्या टाक्या, कठड्यावर वाळत घातलेल्या वाकळा.
पण पंचगंगेचा पूर उतरला
की नदीकडची तिची कड अजून सुटते
आणि मातीतून खापरं दात दाखवतात.

माझ्या आईचे वडील, लगमा भोई, तिथं वेचायला जायचे.
खापरं नव्हे. शिसं.
गोल, चपटं, काळपट,
नखानं ओरखडा उठेल असं मऊ.
डब्बू म्हणायचे त्याला.
दहा-बारा डब्बू साठले की चुलीवर लोखंडी पळी,
आधी कड सुटायची,
मग अक्षरं असतील ती,
डोंगर तेवढा शेवटपर्यंत तग धरायचा,
मग तोही पाणी.
ओल्या वाळूत बोटानं पाडलेल्या भोकांत ते ओतायचे
आणि मला म्हणायचे, लांब बस, वाफ वाईट असती.
त्या गोळ्या पागाच्या घेराला.
पाग हवेत उघडायचा थापलेल्या भाकरीसारखा
आणि बुडायचा एकदम.

मी आता संग्रहालयात चिठ्ठ्या लिहितो.
काच, काचेखाली मखमल,
मखमलीवर तेच डब्बू.
साहेबांनी भिंग हातात दिलं त्या दिवशी दिसलं:
एका अंगाला कमानींचा डोंगर, कठड्यातलं झाड,
दुसऱ्या अंगाला धनुष्य, बाण वर रोखलेला,
आणि त्याच्या भोवतीनं, तोंडात सुपारी धरून बोलल्यागत,
ब्राह्मीत:
राजा, वासिठीचा पोरगा.
दुसऱ्यावर, माढरीचा.
तिसऱ्यावर, गोतमीचा.
बापाचं नाव कुठंच नाही.
मी नाणं पुन्हा पालथं घातलं, उगाच.

एकावर तर भांडणच दिसतं.
वासिठीच्या पोराच्या नाण्यावर
माढरीच्या पोरानं आपला ठसा हाणलेला,
घाईत, थोडा तिरका,
त्यामुळं खालच्या आईचं अर्धं नाव
वरच्या आईच्या पदराखालून डोकावत राहतं.

चिठ्ठीवर हे लिहायचं नसतं.
चिठ्ठीवर: शिसे. कुर घराणे. सुमारे दुसरे शतक.
वजन लिहिताना मात्र मी काट्याकडं बघत नाही.

जेवणाच्या सुट्टीत घाटावर डबा उघडतो.
सोन्याचं नव्हे, चांदीचं नव्हे,
शिसं म्हणजे बाजारातलं नाणं, रोजचं.
ह्यातल्या एखाद्याचं मीठ आलं असेल,
एखाद्याची पणतीभर तेलाची उधारी फिटली असेल,
एखादं कुणा कासारणीनं
पदराच्या गाठीतून सोडून
विहाराच्या विटांसाठी दिलं असेल
आणि परत येताना मनात म्हणाली असेल,
दोन विटा तरी येतील का ह्यात?
तिचं नाव कुठल्या ठशावर नाही.
तिच्या पोराचंही.

आजोबांना सगळी गल्ली ‘यल्लूचा लगमा’ म्हणायची.
बाप कोण, हे त्यांना ठाऊक होतं की नाही,
विचारायचं राहिलं.
रेशन कार्डावर वडिलांच्या रकान्यात
त्यांनी यल्लू सांगितलं, तसं लिहिलं गेलं,
मग कारकुनाच्या ध्यानात आलं, ही तर बाई,
आणि त्यानं वर कचेरीचा जांभळा शिक्का मारला,
घाईत, थोडा तिरका.
कार्ड अजून आहे.
ल्लू वाचता येतो.

पागही आहे, माळ्यावर, उंदरांनी दोन ठिकाणी खाल्लेला.
परवा खाली काढला, गोळ्या मोजल्या.
चौऱ्याऐंशी.
साहेबांना सांगावं का, ह्यात रात्र गेली.
काय सांगणार?
साहेब, ह्या गोळ्यांत दोन-तीन राजे असावेत,
कुठला कुठल्यात, ते आता कळायचं नाही.

रविवारी सुतानं भोकं शिवली
आणि दिवस मावळताना पाण्यात उतरलो.
हाताला सवय नाही, पाग नीट उघडला नाही,
अर्धवट दुमडून पडला.
ओढला तेव्हा दोन चिलापी
आणि कुणाची तरी डाव्या पायाची चप्पल.
चिलापी घरी आणल्या.
आई म्हणाली, हळद-मीठ लावून ठेव,
आणि विचारलं,
शिसं सगळं जागेवर आहे न्हवं?