क्रियापद आधी

मॉरीन म्हणते, प्रत्येक ओळ क्रियापदानं सुरू कर.
स्विंडनच्या ग्रंथालयात, गुरुवारी दोन ते चार,
रेल्वेच्या पगारखात्यातून निवृत्त झालेली ही बाई
नोकरी शोधणाऱ्यांची प्रोफाइलं फुकट दुरुस्त करते.
तपासलं. मोजलं. थांबवलं. असं लिही.
मी मान हलवते.
तिला कसं सांगू, माझ्या भाषेत
क्रियापद शेवटी येतं,
सगळे जेवल्यावर पान घेणाऱ्या बाईसारखं,
आणि तेही बहुतेकदा
‘केलं’ नसतं, ‘झालं’ असतं.
पूल झाला. टाकी झाली.
माझ्या हातून झालं, एवढंच म्हणायची रीत.

आधी फोटो.
माझा एकटीचा एकही नाही.
नणंदेच्या लग्नातला कापून लावला होता, तर
खांद्यावर तिची चार बोटं राहिली,
मेंदीची.
मॉरीन चष्मा वर सारते: हे कोण?
मग मला बागकामाच्या पुस्तकांशेजारी उभी करते,
फार हसू नकोस म्हणते, पण हस.
हे मला येतं.
असा एक कागद आधीही झालाय माझा, चोविसाव्या वर्षी:
उंची पाच-तीन, गृहकृत्यदक्ष,
आणि स्थापत्यातली पदवी
रंगाच्या खालच्या ओळीत.

नाव. सुनीती चौगुले म्हटलं
तर मिरजेच्या प्रयोगशाळेत कुणी मान वर करणार नाही.
तिथं मी आरवाडे.
दोन्ही लिही, मॉरीन म्हणते, जागा आहे.

मग ते नऊ वर्षांचं भोक.
इथं काय? ती विचारते, आणि थांबते.
इथं दोन बाळंतपणं, एक व्हिसा, मग दुसरा,
नवऱ्याच्या रात्रपाळ्या,
शाळेच्या फाटकाशी रोज पावणेनऊ आणि सव्वातीन.
मला सुचतं, लिहावं: क्युरिंग.
काँक्रीट ओलं ठेवलं की आतल्या आत बळ धरतं.
पण ते अठ्ठावीस दिवस.
नऊ वर्षं कुणी ठोकळा हौदात ठेवत नाही.
खोडते. लिहिते: घरी होते.
मॉरीन ते तसंच राहू देते.

शिफारस कुणाची?
एकच माणूस आहे, आणि त्यांच्याशी शेवटचं बोलणं
भांडण होतं.
तीन ठोकळे मशीनखाली ठेवले,
पंचवीस हवे तिथं सोळालाच फुटले.
बागवानसाहेब म्हणाले, एखादा आकडा
इकडंतिकडं होतो, आरवाडे.
मी सही केली नाही.
त्यांना निरोप लिहिला: साहेब, ओळखलंत का?
दहा दिवस काही नाही.
मी धरून चालले होते, आलंच तर
कष्टाळू, मनमिळाऊ, वक्तशीर,
शाळेच्या दाखल्यावरचं ‘वर्तणूक चांगली’.

आलं ते मराठीत:
नाकारली हिनं सही. चिडलो मी.
तोडावा लागला स्लॅब.
बरोबर होती ही.
सांगायला हवं होतं तेव्हाच.

मी पडद्याकडं बघत राहते.
म्हणजे आपणही घालतो की क्रियापद आधी,
भांडताना,
किंवा भांडण उशिरा मिटवताना.
मॉरीन विचारते, काय लिहिलंय?
मी एकेक ओळ इंग्रजीत सांगते, आवाज जरा चिरकतो.
ती म्हणते, ह्याला हात लावू नकोस.
आणि पहिल्या ओळीतलं ‘संधीच्या शोधात’
ती स्वतःच पुसून टाकते.
तिथं लिहिलं: काँक्रीट तपासते.

परतीची बस त्या चक्रात शिरते
जिथं पाच छोटी चक्रं एका चक्राभोवती फिरतात
आणि तरी कुणी कुणावर आदळत नाही.
फोन थरथरतो.
चार जणांनी पाहिलं तुम्हाला.
एक नवरा. एक मॉरीन.
एक साहेबांची नात असावी, आडनावावरून.
चौथा कुणी रीस,
ग्लॉस्टरजवळ सिमेंटचे पाइप ओतणाऱ्या कारखान्यात
गुणवत्ता बघतो.
मी त्याचा फोटो मोठा करते.
टाय लावलाय, मागं कुठलीशी हिरवळ,
आणि उजव्या खांद्यावर
कुणाची तरी कापायची राहिलेली दोन बोटं.