इतर

सेतू केंद्रातल्या गजूभाऊनं माऊस फिरवला.
वडिलांचा व्यवसाय?
शेती, नोकरी, मजुरी, व्यापार.
मी म्हणलं, विळ्याला पाणी देतेत.
ते ह्यात नाही.
कुऱ्हाडीला धार. फाळ शेवटून देतेत.
बैलाला पत्र्या मारतेत, बैल असला तर.
तो यादीत खाली गेला, सगळ्यात खाली,
आणि 'इतर' दाबलं.
चाळीस रुपये. प्रिंटचे वेगळे.

देशमाने सरांनी एक दिवस फळ्यावर
लोखंडाचे सोडून पैशाचे जॉइंट काढले.
फी माफ होते, ती संस्थेला जाते, तुम्हाला दिसत नाही.
विद्यावेतन खात्यात येतं. कधी, ते विचारू नका.
वसतिगृह नाही मिळालं तर खोलीभाड्याचं निराळं.
जालन्याच्या कारखानदारांचा ट्रस्ट आहे, त्याला मार्क लागतात.
बँकेचं कर्ज आहे, त्याला जामीन लागतो.
मागून इंदल राठोड म्हणला, सर, ज्याला काहीच लागत नाही असं सांगा.
वर्ग हसला. सरांनी खडू झटकला.
कुठं तरी डाग द्या रे पोराहो,
एखादा तरी धरंल.

मी पहिल्याच ठिकाणी अडकले.
जातीचा दाखला. त्याला एकसष्टच्या आधीचा पुरावा.
एकसष्टच्या आधी आम्ही कुठं होतो?
आज्जा बोटावर मोजायचा:
सेलू, मंठा, लोणार, परत सेलू.
गाढवाच्या पाठीवर भाता, ऐरण,
आणि ऐरणीच्या वजनाला दुसऱ्या बाजूला
माझा बाप.
गाढवाची पावलं कोणता तलाठी लिहून ठेवतो?

एक चुलत आज्जा निघाला शेवटी,
तीन महिने मंठ्याच्या शाळेत बसलेला.
एवढ्या गोतात तेवढंच एक नाव.
वही उर्दूत, निजामाच्या वेळची.
जिंतुरात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या मुख्तारचाच्यांनी
डोळ्याला तेच भिंग लावलं, ज्यानं काटे बघतेत,
आणि झेरॉक्सवर बोट ठेवून वाचलं:
आहनगर.
म्हंजे?
म्हंजे लोखंडाचं काम करणारा, बेटी. तुमचंच आहे.

खिडकीतली बाई म्हणली,
आमच्या यादीत घिसाडी आहे. आहनगर नाही.

मग भाषांतर, त्याच्यावर शिक्का,
शिक्क्यावर सही, सहीवाला साहेब रजेवर.
परभणीची एक फेरी म्हणजे सहा विळे.
मी बाबाला फेऱ्या सांगायचे,
तो विळे मोजायचा.
ज्वारी काढायचे दिवस होते म्हणून निभलं,
तरी निम्म्या शिवारात मशीन फिरून गेलं होतं.

दाखला निघाला. फॉर्म गेला.
फॉर्म परत आला, आधारला जमना साळुंके,
मार्कमेमोवर सोळंके.
परत गेला.
तोवर मी उभी शिवण शिकले, मग डोक्यावरची,
ठिणग्या गळ्यात पडतेत ती.
सरांचे जुने बूट घातले, पुढं कापूस कोंबून.

परीक्षा होऊन दीड महिना झाल्यावर मेसेज आला.
बाबाच्या फोनवर. त्याला वाचता येत नाही.
खुरपं घेऊन आलेल्या एका गिऱ्हाइकानं वाचून दाखवला.
बाबानं मला विचारलं, हे कशाचे?
शिकल्याचे.
काय शिकल्याचे?
लोखंड.
तो भात्याचा हात सोडून हसायला लागला.
शिकायचे बी पैसे देतेत?
मला तर आज्ज्यानं सांडशीनं हाणलं होतं.

किती आले ते लिहीत नाही.
बुटाला पुरले, बाबाच्या चष्म्याला पुरले,
इंदलचे उसने फिटले नाहीत.

ह्या वर्षी धाकट्याला घेऊन गेले, वायरमनला.
गजूभाऊची खुर्ची एका बाजूला कलंडलेली.
तिचा पाय काढून नेला, संध्याकाळी जोडून दिला,
शिवण अशी की बोट फिरवलं तर लागू नये.
त्यानं बोट फिरवून बघितलं.
प्रिंटचे पैसे घेतले नाहीत.
मग नीट टेकून बसला, माऊस फिरवला,
वडिलांचा व्यवसाय?
आणि माझ्याकडं न बघता
यादीत खाली जायला लागला.