रकाना एकोणीस

निपाणीत कचेरीसमोर माझं टेबल आहे.
तीन पाय धड, चौथ्याखाली कौलाचा तुकडा.
लोक मराठीत सांगतात, मी कन्नडमध्ये लिहितो,
पानाला वीस रुपये, तिकिटाचे वेगळे.
उतारे, वारसनोंदी, विधवा पेन्शन, हरवलेली रेशनकार्डं.
इमारतीसाठी पैसे मागायला
नेमगोंडा मगदूम पहिलाच आला.

तंबाखूची वखार, जुन्या बाजारामागं.
ओतीव खांब, सागवानी तुळया
आणि दारावर खात्याची निळी पाटी : संरक्षित.
म्हणजे पाडायची नाही.
खिडकी बदलायला अर्ज, रंगाला अर्ज.
पडली तर? मी विचारलं.
"पडली तर नोटीस," तो म्हणाला, "मला."

योजनेचं पत्रक सहा पानी.
निम्मा खर्च खातं देणार,
पण आधी काम, मग पैसे,
आणि रस्त्यावरनं दिसतं तेवढ्याच बाजूला.
वखार गळते मागनं.

रकाना चार. इमारतीचं महत्त्व.
"लिवा की काय लिवायचं त्ये."
तुम्ही सांगा.
त्यानं टोपी काढली, आत बघितलं, परत घातली.
"पंचवीस वर्षं झाली, एक बोद न्हाई आत,
तरी दार उघडलं की शिंका येत्यात."
कन्नडमध्ये शिंकेला सीनु म्हणतात.
मी लिहिलं. खोडलं नाही.

सिमेंट नको, चुनाच, असं पत्रकात तीनदा आहे.
चुना म्हणजे सुण्ण, शून्य म्हणजे सोन्ने,
मी त्याला आकडा वाचून दाखवताना सांगितलं.
"आणि आमच्यात सोन्यापायी चुना लावत्यात,"
म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला.

चुन्याचा गवंडी मिळाला गोकाकला.
दस्तगीर, शहात्तरचा, एका डोळ्याला पडदा.
महिनाभर कळी भिजवली,
हिरड्याचं पाणी, गूळ, किती ते त्याच्या बोटांना ठाऊक.
मजुरी रोजची, रोख. खातं पुढच्या वर्षी.
मग नेमगोंडानं तराजू विकला,
वखारीतला मोठा, पितळी पारड्यांचा,
संकेश्वरच्या हॉटेलवाल्याला.
तो त्यात आता पाहुण्यांसाठी सफरचंदं ठेवतो.

हडपद मॅडम तपासणीला आल्या.
पोरगीच, स्कूटरवरनं, पाठीला लॅपटॉप.
भिंतीवर नख ओढलं, वास घेतला, मान डोलावली.
मग यादी काढली.
मूळ वस्तू, नग सात : तराजू, एक.
कुठं आहे?

नेमगोंडा माझ्याकडं बघायला लागला.
अर्जात लिहिता येतं ते सगळं मला येतं,
तोंडानं खोटं बोलायचे पैसे मी घेत नाही.
तरी म्हणालो, दुरुस्तीला.
कन्नडमध्ये म्हणालो. त्या भाषेत ते थोडं कमी लागलं.
"पुढच्या मंगळवारपर्यंत आणा," त्या म्हणाल्या,
आणि यादीत काही लिहिलं नाही.

हॉटेलवाल्यानं तो भाड्यानं दिला. दिवसाला पाचशे.
टेम्पोत पारडी वाजत होती चिखलीपासून निपाणीपर्यंत.
मंगळवारी फोटो निघाला : भिंत, खांब, तराजू,
आणि चुकून दस्तगीरची चप्पल.

आता शेवटचा अर्ज, पैशांचा.
रकाना एकोणीस. काम पूर्ण झाल्याची तारीख.
नेमगोंडानं दस्तगीरकडं बघितलं.
तो पायऱ्यांवर हात धूत होता, रेघांतला पांढरा निघत नव्हता.
"पुरं कुठलं," म्हणाला. "चुना हवा खातो.
आपण मेल्यावरबी घट्ट होत ऱ्हातो.
माज्या बानं लावलेला गोकाकात अजून ओढतोय."

रकान्यात आठ चौकोन होते.
तारखेला आठच लागतात.
मागं सहा माणसं रांगेत, एकाच्या हातात म्हशीच्या विम्याचे कागद.
मी मंगळवार टाकला.
अंगठा नको, सही करा, म्हणालो,
आणि मागच्या भिंतीचं कुणी विचारलं नाही,
म्हणून तिचं काही लिहिलं नाही.