अर्धा सूर खाली

थंडर बे. फेब्रुवारी. उणे चोवीस.
धक्क्यापासून चार गल्ल्या वर
दाराशी फावडं टेकवून रेइनो हाकाला उभा होता.
आधी म्हणाला, बूट काढ.
मग म्हणाला, पैशांचं नंतर, आधी बघ.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर टॉवेल अंथरलेला,
त्यावर ती उताणी,
तपासायला कुणाला झोपवावं तशी.

मी यादी पाठ करून गेले होते:
मान वाकलीय का, घोडी उचकटलीय का,
खुंट्या घसरतात का,
बाराव्या पडद्यावर तारेखाली नाणी किती मावतात.
दोन मावली.
एक जास्तच.
मी चेहरा कोरा ठेवला.

तो मात्र हातचं राखणाऱ्यांतला नव्हता.
"इथे चीर आहे," स्वतःच बोट ठेवून म्हणाला,
"एका हिवाळ्यात ओलाव्याची डबी भरायची राहिली.
ही खुंटी मूळची नाही.
आणि हे कुत्र्याचे दात. कुत्रा आता नाही."
साडेसहाशे सांगितले होते,
बोलता बोलता तोच पाचशे ऐंशीवर आला,
जणू घासाघीस त्याची आणि गिटारची चाललीय,
मी आपली साक्षीला.

मी पडदे बघत होते.
पहिले तीन खोल झिजलेले, तारांच्या खाचा पडलेले,
चौथ्यापुढे सगळे कोरे, दुकानातून आजच आणल्यासारखे.
तीस वर्षं,
आणि हा माणूस तीन पडद्यांपलीकडे
गेलाच नाही कधी.

मी काय बघतेय ते त्याला कळलं.
"धान्याच्या कोठारावर होतो कामाला," म्हणाला,
"बंदर सोडून तरी कुठे गेलो?"
"विनिपेगला गेलास की," आतून बायको म्हणाली,
"दात काढायला."

मग मी एक जी वाजवला.
सीडरची फळी पोटाशी गुणगुणली,
पण सूर भलत्याच घरात जाऊन बसला.
फोन धरून पाहिला:
सहाच्या सहा तारा अर्धा सूर खाली.
"तारा उतरल्यात," मी म्हणाले.
मनात म्हटलं, आणखी वीस डॉलर सुटतील.

"उतरल्या नाहीत. मी उतरवल्यात.
साठीत माझा गळा खाली आला,
तेव्हा तिलाही म्हटलं, चल, ये माझ्याबरोबर."
टॉवेलची घडी घालत राहिला थोडा वेळ.
"आता गळा अजून खाली गेलाय.
तिथवर तिला न्यावं असं वाटेना."

वीस डॉलर सोडवायचे राहूनच गेले.
मी नोटा मोजल्या, त्यानं पुन्हा मोजल्या,
एक परत दिली. तारा नव्या घ्याव्या लागतील, म्हणाला.
पेटी गाडीपर्यंत त्यानंच आणली, मोज्यांवर घरातल्या चपला घालून,
आणि काच खाली करायला लावून बजावलं:
"घरी गेल्या गेल्या उघडू नकोस.
थंडीतून आलेलं पॉलिश उबेत तडकतं.
तासभर राहू दे आतच."

आता पलंगावर काळी पेटी.
कड्यांवरचं हिम वितळून
चादरीवर दोन ओले ठिपके.
चाळीस मिनिटं झालीत.
मी अजून कोट काढलेला नाही.

तारा वर चढवायच्या
की आहेत तिथेच ठेवायच्या, ते नंतर.
आधी मी हळूच गुणगुणून बघतेय
माझा स्वतःचा गळा कुठे बसतो.
शेजारच्या भिंतीवर कुणीतरी टकटक केलं.
पुन्हा एकदा बघते, जरा खालून.