सव्वा सूत

तेराचा पाना सैल फिरतो, बाराचा बसतच नाही.
गाडी इंचांतली आहे.
हे कळायला मला एक अख्खा श्रावण लागला
आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची सालटं.

इचलकरंजीत, बंद पडलेल्या सायझिंगमध्ये
सुताच्या कोनांआड उभी होती ती.
दोन सीटची, बुटकी, छपराच्या जागी ताडपत्री.
मालक म्हणाले, पळत नाही, पण घेऊन जावा.
टेम्पोत घालून आणली.
बायकोनं ओवाळलं नाही. नुसती बघत राहिली,
मग म्हणाली,
दोनच सीट? आणि पोरगी कुठं बसणार?

दिवसभर बँकेत लोकांचे हप्ते मोजायचे,
रात्री जिन्याखालच्या दिव्यात
कार्बोरेटरच्या सुया डिझेलमध्ये भिजत घालायच्या,
वायरींना चिकटपट्टीनं नावं द्यायची:
हॉर्न. डावा दिवा. माहीत नाही.
माहीत नाही अशा चार निघाल्या.

इंजिनावरचं पाण्याचं कोपर तेवढं गेलेलं.
आतून खाऊन खाऊन पापड झालेलं,
अंगठ्यानं दाबलं तर अंगठा आत.
विलायतेहून मागवायचं तर
एक वेळ किंमत परवडेल, जकात नाही.
तेव्हा उद्यमनगर.
बाबगोंडा पॅटर्नवाले. सागाचा भुसा,
चहाच्या ग्लासात पेन्सिली,
पलीकडं लेथची सारखी कुरकुर.

त्यांनी कोपर उलटंपालटं केलं
आणि खिळ्यावरची एक पट्टी काढली.
ही पट्टी खोटी हाय, म्हणाले.
फुटाला सव्वा सूत जास्त.
धातू ओतताना भरून येतोय,
निवताना अंग चोरतोय.
आधीच मोठं धरायचं.
मग बरोब्बर उतरतंय.

मी बँकेतला माणूस.
खोट्या मापानं खरं काम होतं
हे पहिल्यांदाच असं
उघड्या आवाजात ऐकत होतो.

मग चाकूच्या टोकानं
त्यांनी खालच्या अंगाचं कीट खरवडलं.
काळं निघालं, त्याखाली पांढरं पीठ,
त्याखाली उठावाचं एक अक्षर:
द.

सहा महिने मी ज्याला
ओरिजिनल, ओरिजिनल म्हणून
फडक्यात गुंडाळून फिरवत होतो
ते ह्याच गल्लीतलं.
माझ्या जन्माच्या आधी कुणीतरी,
बहुतेक असाच वैतागून,
कुणाकडून तरी ओतून घेतलेलं.

कुणाचं हो हे? दस्तगीर? दत्तोबा?
म्हायत न्हाई, बाबगोंडा म्हणाले.
कॅलिपर लावला. परत लावला.
पट्टी लांबडीच वापरलीया पठ्ठ्यानं,
एवढं सांगतो.

शिरोलीच्या भट्टीत जुने पिस्टन वितळले,
ट्रॅक्टरचे, एसटीचे, कुणाच्या तरी राजदूतचा.
पहिलं फसलं. वाळू ढासळली.
दुसरं उतरलं, करडं, खरबरीत,
हातात घेववेना इतकं ऊन.
लेथवर तोंड घेतलं, भोकं पाडली.
पॅकिंगचा कागद कडेवर धरून
पोरीनं हातोडीनं टुकटुक करत कापला,
जीभ दाताखाली धरून.
साच्याचे पैसे बाबगोंडांनी घेतले नाहीत.
साचा ठेवून घेतला माळ्यावर,
वर खडूनं लिहिलं: इंची गाडी.
कुणाचं तरी परत जाईल, म्हणाले.

रविवारी पहाटे पोरगी शेजारी बसली.
रंकाळ्याच्या कडेनं निघालो, दुसऱ्या गिअरवर,
मागं स्कूटरवर बायको,
पायाशी पाच लिटरचा पाण्याचा कॅन,
तोंडावर मी तर म्हणतच होते असा भाव.
फुलेवाडीच्या नाक्याला काटा चढला, थांबलो.

कोपर कोरडं होतं. ठणठणीत.
गळत होतं ते दुसरंच काहीतरी,
खाली, काळं, थेंब थेंब.
पोरगी आधीच रस्त्यावर पालथी पडली होती,
फ्रॉकची पर्वा न करता,
आणि हात मागं करून
न बघताच मला म्हणत होती,
पाना दे. इंचातला.